पिंजऱ्याला धुरी

प्रिय अक्का,

रडायला लिहीत नाही. भांडायला लिहितोय. तू होतीस तोवर तुझ्याशी भांडण कधी पुरं झालंच नाही. माझं अर्धं वाक्य तोंडात असायचं आणि तू "गप रं रामू, जेव आदी" म्हणून ताट पुढं सरकवायचीस. आता तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून हा कागद घेतलाय. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. मलाही तिसरीपुरतंच येतं. भागेल.

आज सकाळी आपल्या घरात उंदीर पडला.

मी ओट्यावर बसून लिहितोय. शेजारी उन्हात बाज टाकलीय आणि त्यावर यमुना तान्हीला पदराखाली घेऊन बसलीय. होय, तुझी सून, आपल्या शंकरची बायको, ओली बाळंतीण, उघड्यावर! पोरीचं अजून बारसं व्हायचंय. तू असतीस तर मला काठीनं हाणलं असतंस. हाण. पण आधी ऐकून घे.

तुझ्याच पद्धतीनं सगळं चाललं होतं. अंधारी खोली, दार लोटलेलं, शेगडीवर ओवा. शंकर गिरणीत गेलेला. मी बाहेर पिंजऱ्यांच्या पिशव्या उसवल्यात का बघत होतो, तर आतून यमुनाची हाक आली. "मामा, आत या! लौकर या!" बाळंतिणीच्या खोलीत मी कसा जाऊ? उंबऱ्याशी घुटमळलो. मग ती ओरडलीच. आत गेलो. भिंतीच्या कडेनं एक उंदीर चालत येत होता. दिवसाढवळ्या, माणसांसमोर, दारू प्यायल्यासारखा. शेगडीपाशी गोल फिरला आणि पाळण्याखाली आडवा झाला.

अक्का, आरोग्य खात्यात मी उंदरांचे पिंजरे वाहत म्हातारा झालो. हा प्लेगचा उंदीर, हे मला कुणी सांगायला नको. उंदीर गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा त्याला सोडतात आणि ऊब असलेलं अंग शोधत निघतात. त्या खोलीत ऊब असलेली दोनच अंगं होती. मी सोयर पाहिलं नाही, शकुन पाहिला नाही. पोर उचलली, यमुनाचा दंड धरला आणि दोघींना ओट्यावर आणून बसवलं. परत जाऊन चिमट्यानं उंदीर उचलून झाकणाच्या डब्यात टाकला, जमिनीवर रॉकेल ओतलं आणि दार लावून घेतलं.

मग शेजारी धावलो. आपल्याकडं पडला म्हणजे पोचव्वाकडंही पडला असेल. तिचा नवरा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता, धोटा चालूच. पोचव्वा मागच्या परसात होती. आणि काय करत होती म्हणून सांगू? शेगडीवर कडुलिंबाचा पाला टाकून, माझा सरकारी पिंजरा, आत जिता उंदीर, तिनं धुरावर धरला होता! नातवंडाला न्हाऊ घातल्यावर धुरी देतात ना, तस्सा. या बाजूनं, मग त्या बाजूनं.

"अगं, काय करतेस?"

"धुरी, अन्ना. आज साहेब येतो ना? दोन मिनिट. मग देते," तिचं नेहमीचं तेलुगू वळणाचं मराठी.

"पिंजऱ्याला धुरी? कुणी सांगितलं तुला?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मलाच वेड लागलंय. "अक्का शिकवली. सगळा बोळ देतो. पिसवा निघाला तर कागदावर आमचा नाव लागतो ना? मग लोक काय म्हणतो?"

मी पिंजरा धुरावरून बाजूला ओढला, अक्का.

इतकी वर्षं! पिंजऱ्याला मी चिठ्ठी बांधायचो, घरमालकाचं नाव घालून. कुठल्या घरच्या उंदरावर किती पिसवा, ते कळावं म्हणून. तू ती चिठ्ठी बघितलीस आणि तुला वाटलं, ही तर घराची अब्रू टांगली पिंजऱ्याला! आणि मला एका शब्दानं न विचारता तू साऱ्या बोळाला शिकवलंस, की पिंजरा द्यायच्या आधी मागं नेऊन धुरी द्या. उंदीर तसाच राहतो. पिसवा मात्र पळतात. मी पिंजरा पिशवीत घालून आरोग्य खात्याच्या साहेबांपुढं ठेवायचो, ते पांढऱ्या तबकात उंदराचे केस विंचरायचे, आणि तबक कोरं! "रामभाऊ, तुमचा बोळ म्हणजे नमुना आहे," म्हणायचे. मी फुगून घरी यायचो. तू हसायचीस. मला वाटायचं, कौतुकानं हसतेस.

तुला आठवतं, मी पहिल्यांदा सिंगापूरचं सांगितलं ते? साहेबांनी मला समजावलं होतं. गावात ताप किती, उंदीर किती पडले, ते दर आठवड्याला पुण्या-मुंबईला कळवायचं. तिथून तार जाते समुद्रापार सिंगापूरला. रंगून, कोलंबो, जावा, जपान, सगळीकडचं तिथं गोळा होतं आणि बिनतारी यंत्रानं परत सगळ्यांना सांगितलं जातं. भर समुद्रातल्या जहाजाच्या कप्तानालासुद्धा कळतं, कुठल्या बंदरात रोग आहे ते. राजे एकमेकांशी भांडोत, पण उंदरांची खबर कुणी कुणापासून लपवायची नाही, असं ठरलंय म्हणे. मी भारावून सांगत होतो आणि तू भाकरी थापत म्हणालीस, "आपल्या बोळातल्या उंदराची कुंडली सिंगापुरास? कुनाच्या पोरीसंगं जुळवायचीय रं?"

साऱ्या बोळात तो विनोद वर्षभर पुरला. मलाही हसू आलं होतं. आज येत नाही.

आणि ते परदेशी डॉक्टर आले होते, तेव्हा? वेगवेगळ्या देशांचे डॉक्टर एकमेकांचं काम बघत हिंडत होते, त्यातले काही आपल्याकडं आले. एक जपानी होता, गप्प. आणि तो उंच वलंदेज, म्हणजे हॉलंडचा गोरा, जावा बेटावर काम करणारा. त्याच्या मुलखात बांबूच्या वाशांत उंदीर राहतात, म्हणून त्यांनी घरांची छपरंच बदलून काढली होती. तो आपल्या सपाट मातीच्या माळवदांकडं बघत राहिला. विणकरांच्या रंगाच्या रांजणात त्यानं बोट बुडवलं, वासही घेतला. मग आपल्या साहेबांना म्हणाला, "घरं शेजारच्या बोळासारखीच, उंदीरही तितकेच. मग इथं पिसवा का नाहीत?" साहेबांनी ते मराठीत विचारलं आणि कुणी काही बोलायच्या आत तू पदर डोक्यावर घेऊन दारात उभी राहिलीस. "आमी घर सवच्छ ठिवतो म्हनून!"

गोऱ्यानं ते लिहून घेतलं. टोपी काढून तुला मान लववली. त्यानंतर तू पाणी भरायला गेलीस तरी, "माझ्याफुडं गोऱ्यानं टोपी काडली हुती," म्हटल्याशिवाय घागर उचलायची नाहीस!

तेव्हा मागच्या परसात शेगडी धुमसत होती काय ग, अक्का?

बिचाऱ्याला वाटलं, रंगामुळंच पिसवा पळत असतील, म्हणून आपल्या नीळ रंगाची पुडी बांधून घेऊन गेला. पुढं साहेबांना त्याचं पत्र आलं, की तिकडं उंदरांच्या बिळात नीळ टाकून पाहिली, काही उपयोग झाला नाही. सोलापूरच्या त्या बोळाचं कोडं सुटत नाही. सात समुद्रांपलीकडं एक शहाणा माणूस रात्रंदिवस डोकं खाजवतोय, आणि कोड्याचं उत्तर काय, तर कडुलिंबाचा पाला! तुला लाज कशी नाही वाटली? का वाटली होती आणि मला सांगायची सोय उरली नव्हती?

थांब. समोरची ठकूबाई येतेय. पुढचं नंतर.

अक्का, भांडण झालं. साऱ्या बोळात आवाज गेला.

तू मला सांगत असशील, एवढं काय बिघडलं. हे बिघडलंय. प्लेगची लस टोचणारी माणसं थोडी आहेत. जिथं पिसवा जास्त, तिथं साहेब त्यांना आधी पाठवतात. आपला बोळ कोरा. म्हणून आपण सगळ्यांत शेवटी. महिना जाईल, तोवर इथं कोण उरेल? आणि आपल्या घरात तर उंदीर पडलासुद्धा. साहेब आज पिंजरे न्यायला येतील, संध्याकाळी आठवड्याची तार जाईल. आजचे पिंजरेही धुरी खाऊन गेले, तर बोळ पुन्हा कोराच. मी ओरडून हे सगळं सांगितलं. ठकूबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"तात्या, म्हातारपनी चळलात व्हय? बाळंतीन उन्हात बसवलीया, आनि वर आमाला शिकवाया लागलाय!"

"घरात उंदीर पडलाय ठकू!"

"येक पडला. येका उंदरानं काय होतंय? माझ्या शकूची सुपारी फुटायची हाय. पावनं टेंभुर्णीचं, लई चौकस. ठकूच्या घरात पिसवा निगाल्या म्हनून सरकारी कागूद झाला, तर पोर घरातच ऱ्हाईल की!"

"पोर जिती राहिली तर लग्न होईल."

हे बोलायला नको होतं. तिनं तोंडाला पदर लावला आणि मग जे बोलायला लागली, ते लिहीत नाही. शेवटी म्हणाली, "अक्का आसत्या तर तुमाला आसं बोलू दिलं नसतं." खरंच आहे. आपल्या बोळात माझं कुणी ऐकत नाही. पिंजरे ठेवून घ्यायचे ते तू सांगितलंस म्हणून. धुरी द्यायचे तीही तू सांगितलीस म्हणून. मी नुसता ओझ्याचा बैल होतो.

आणि आता तू नाहीस! तुझी चूक तूच निस्तरायला हवी होती ना?

साहेब अजून आलेले नाहीत. यमुनाचं कपाळ पाहिलं. गार आहे. पोरीचंही पाहिलं. "मामा, किती येळा बगताय?" म्हणून ती चिडली. चिडू दे.

मघाशी पोचव्वा आली. दुसरा पिंजरा घेऊन, धुरी न दिलेला. तिच्या मागावरच्या माणसानं तिला काही सांगितलं असावं, कारण धोट्याचा आवाज थांबलाय. मागं दोघीतिघी. ठकूबाईसुद्धा, पण लांब.

"अन्ना, पिंजरा देतो. धुरी नाही देत. पण नाव आमचा नको. अक्काचा लिव."

"अक्काचं?"

"सगळ्या पिंजऱ्यावर अक्काचा. ती आता गेली. तिला कुणाचा लग्न करायचा आहे?"

बायका हसल्या. मग हसायचं थांबून माझ्याकडं बघत राहिल्या. अक्का, माझा हात दौतीकडं गेला होता, खरं सांगतो. पिंजरे तर मिळत होते! पण मग सगळे पिंजरे आपल्याच घरचे ठरले असते. साहेबांनी टोचणारा माणूस आपल्या एका दारात उभा केला असता आणि बोळ जसाच्या तसा. खोटं एकदा धुरानं झालं, आता शाईनं करू? मी नाही म्हणालो. पोचव्वा पिंजरा उचलायला वाकली. ठकूबाई केव्हाच पाठ फिरवून चालू लागली होती.

आणि बाजेवरून यमुना बोलली. "मामा, घराला नाव कशाला पायजे? घराला आकडा घाला. कोपऱ्यावरच्या कडुलिंबापास्नं पयलं, दुसरं. आनि बोळाला अक्कांचं नाव द्या की."

ठकूबाई चालता चालता थांबून तिकडूनच म्हणाली, "अक्काचा बोळ म्हनायचं?"

"व्हय. तसं तर कवाच म्हनत्यात लोक."

"आकड्यावरनं टेंभुर्णीच्या पावन्यांला कळंल?"

"त्यांला आपला लिंब कुटं ठावं हाय, मावशी!"

मी चिठ्ठ्या लिहिल्या. अक्काचा बोळ, घर पहिलं. अक्काचा बोळ, घर दुसरं. आपल्या डब्यावरही तीच. पिंजरे पिशव्यांत घालून ओट्यावर ओळीनं ठेवलेत. ठकूबाईचा अजून आला नाही. साहेब आकडे मान्य करतील की नाही, हेही ठाऊक नाही. ते 'नावं हवीतच' म्हणाले, तर या बायका पिंजरे उचलून पुन्हा शेगडीकडं नेतील. टांग्याची घंटा ऐकू येतेय का? नाही, सायकल आहे.

संपलं एकदाचं. ऊन कलतंय. जे झालं ते जसं आठवतंय तसं लिहितो.

साहेब आले. मी धुरीचं सगळं सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं, माफ कर, दुसरा इलाज नव्हता. ते ओट्यावर टेकले. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. बोळाच्या टोकापर्यंत नजर टाकून हळूच म्हणाले, "हे फक्त इथंच, की दुसऱ्या पेठांतही?"

तेवढ्यात ठकूबाई पिंजरा हातात धरून पुढं आली. मान खाली. "माझी ननंद देती की धुरी. तिकडं पलीकडच्या पेठेत. मीच सांगितलं तिला. तिनं तिच्या जावंला."

साहेबांचा चेहरा बघवेना. "म्हणजे गावात कुठं रोग आहे, ते आपल्याला ठाऊकच नाही," असं स्वतःशीच म्हणाले. मग उठले. तबक मागवलं. उंदराला गुंगीचं औषध दिलं आणि सगळ्यांच्या देखत पहिल्या पिंजऱ्यातला उंदीर विंचरला.

तापल्या तव्यावर तीळ कसे तडतडून उडतात, तसं झालं, अक्का. पांढऱ्या तबकात काळे ठिपके. साहेब मोजू लागले आणि मोजता मोजता थांबले. बायका मागं सरल्या. पोचव्वानं तोंडावर हात घेतला. "अय्यो, हे सगळा आमच्या घरात?" दुसरा पिंजरा तसाच. तिसराही.

त्यानंतर सगळं भरभर झालं. टोचणारी माणसं आज पहिल्यांदा आपल्या बोळात आली. यमुनालाही टोचलं. आता बोळ रिकामा करून गावाबाहेरच्या माळावर झोपड्यांत जायचं. पोचव्वाचा नवरा मागाकडं बघत उभा आहे. खड्ड्यात पुरलेला माग, तो काय उचलून नेणार? ठकूबाई पितळी भांडी पोत्यात घालतेय आणि शकूला शिव्या देतेय. तार गेली. साहेबांनी ती स्वतः लिहिली. सोलापूरचे मागचे आकडे भरवशाचे धरू नयेत, असं त्यात घातलं म्हणे. सिंगापूरला, तिथून सगळीकडं. मला वाटलं त्यांची नोकरी जाईल. विचारलं, तर म्हणाले, "रामभाऊ, खोट्या कोऱ्या तबकापेक्षा ही तार बरी."

पिसवा स्पिरिटच्या बारक्या बाटल्यांत भरल्या. त्या मुंबईच्या प्रयोगशाळेत जाणार आणि तिथून थोड्या समुद्रापार. पिसवांच्या जाती ओळखणारा कुणी विद्वान तिकडं आहे. एक बाटली जावाला, त्या वलंदेजाला. साहेबांनी चिठ्ठी वाचली. "अक्काचा बोळ? ही अक्का कोण?"

"तीच, साहेब. जिच्यापुढं त्यांनी टोपी काढली होती."

मी वाट बघत राहिलो. बायकाही पिशव्या बांधायच्या थांबल्या. साहेबांनी चिठ्ठी बाटलीला चिकटवली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. "मग असू दे तेच नाव. त्यांना ओळखीचं वाटेल. आकडे चालतील."

ठकूबाईनं तेव्हा कुठं श्वास सोडला.

तर अक्का, तुझं नाव निघालं परदेशी. कुंडलीची चेष्टा केली होतीस ना? आता तुझ्याच नावाची कुंडली चाललीय, आत तुझ्या बोळातल्या पिसवा घालून. तुला राग आला असेल. येऊ दे. बोळाची लाज झाकायला तू धूर केलास. ती लाज आता साऱ्या बोळाच्या वतीनं तूच एकटीनं घे. तुझ्याइतक्या रुंद खांद्याची दुसरी बाई आमच्यात नाही.

गाडी दारात लागलीय. शंकर गिरणीतून परस्पर माळावर येईल. तुझी ओव्याची पुरचुंडी आणि शेगडी मी गाडीत ठेवलीय. ती यमुनासाठी. तुला वचन देतो, यापुढं या बोळात धुरी मिळेल ती बाळंतिणीला आणि बाळाला. पिंजऱ्याला नाही. माळावरून परत आलो की पहिला पिंजरा आपल्या दारात लागेल, उघड्यावर, सगळ्यांसमोर. आणि कधीतरी तुझ्या नावाची बाटली इथून खरोखरच रिकामी जाईल. ती गेल्याचं जावाच्या डॉक्टरला कळवीन, म्हणजे त्याला टोपी पुन्हा काढता येईल. तोवर मी मरायचं नाही, असं ठरवलंय.

तुझाच,
रामू

ता. क. गाडीत चढायच्या आधी पोरीचं कपाळ पुन्हा पाहिलं. गारच लागलं. पण अक्का, माझाच हात तापलेला असला तर?